कन्नड ‘कस’ आणि मराठी ‘कस’

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांतून अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारण्यात येतो. निसर्गाला जपून संसार करावा असे मनात पुष्कळ आहे. परंतु त्यासाठी म्हणून बाजारात जी जी वस्तू मांडलेली असते, ती नेहमीच्या वस्तूपेक्षा दीडपट-दुप्पट महाग असते. बांबूचा ब्रश, काचेची बाटली, सेंद्रिय साबण, तागाची नक्षीदार पिशवी. मग मोजक्या प्राप्तीत चालणाऱ्या घराने काय करावे? प्रश्न रास्त आहे. वस्तूंची आणखी एक यादी देऊन त्याचे उत्तर होईल असे मात्र मला वाटत नाही. म्हणून या वेळी एका घराची हकीकत सांगते.

घर माझ्या थोरल्या बहिणीचे आहे. बंगळूरच्या दक्षिण भागात, जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जे. पी. नगरात, तिसऱ्या मजल्यावरचे आणि भाड्याचे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ४ फूट रुंदीची गॅलरी. माणसे ५: ताई, भावोजी, दोन मुले आणि ताईच्या सासूबाई. अंगण नाही, गच्चीवर हक्क नाही, आणि घरमालकाला न विचारता भिंतीत खिळासुद्धा ठोकण्याची सोय नाही. आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती याहून फारशी निराळी नसावी.

मार्च २०२४ मध्ये मी तिच्याकडे गेले, तेव्हा इमारतीची विंधन विहीर कोरडी पडून पंधरवडा झाला होता. शहरभर तीच कथा होती. शहरातील १३,९०० सरकारी विंधन विहिरींपैकी ६,९०० आटल्याचे सरकारनेच त्या महिन्यात सांगितले. टँकरचे दर इतके चढले की जिल्हा प्रशासनाला ते बांधून द्यावे लागले: ५ किलोमीटरांच्या आतील खेपेस १२ हजार लिटरमागे १ हजार रुपये. पिण्याचे पाणी मोटार धुण्यास, बागेस वा बांधकामास वापरणाऱ्यास पाणीपुरवठा मंडळाने ५ हजार रुपये दंड ठरविला. ताईच्या इमारतीत सकाळी पाऊण तास आणि सायंकाळी पाऊण तास पाणी सोडीत. त्या दीड तासात ५ माणसांचा दिवस भरून ठेवायचा.

या शहराला स्वतःची मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीच्या पठारावर ते वसले आहे, आणि कावेरी वाहते दूर, खाली. १९७४ पासून तिचे पाणी येथे आणण्यात येते. तोरेकाडनहळ्ळी येथून सुमारे १०० किलोमीटर नळांतून, टप्प्याटप्प्याने पंपांनी सुमारे ५०० मीटर वर चढवून. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला ७७.५ कोटी लिटर असून तो मुख्यतः शहराच्या सीमेवरील ११० गावांसाठी आहे. टंचाई त्यामुळे हलकी झाली, परंतु पाण्याची चढण काही कमी झाली नाही. नळाखाली भरलेली प्रत्येक बादली वीज जाळून वर आलेली असते. पाणी वाचविणे म्हणजे येथे वीजही वाचविणे होय.

त्या दिवसांत घरात सर्वांत निश्चिंत कोणी असेल, तर त्या ताईच्या सासूबाई. त्यांचे माहेर सांगोल्याकडचे. १९७२ च्या दुष्काळात त्या नुकत्या लग्न होऊन आलेल्या होत्या. भाजी धुतलेले पाणी निराळे, तांदळाचे धुवण निराळे, भांड्यांच्या शेवटच्या विसळणीचे निराळे, अशी ३ पातेली त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मांडून ठेवली होती. ही पातेली तेथे वर्षानुवर्षे होती, आणि ताईने मला मोकळेपणाने सांगितले की पाय अडखळला म्हणजे तिला त्यांचा राग येई. त्या मार्चमध्ये मात्र सारे घर त्यांच्यावर चालले. भाजीचे आणि तांदळाचे पाणी कुंड्यांना, विसळणीचे फरशीला, धुलाईयंत्राचे शेवटचे पाणी संडासाला.

परंतु जुने ते सारे काटकसरीचे, असेही मानू नये. सकाळी नळ आला की पहिले काम म्हणून सासूबाई तांब्याची घागर पालथी करीत आणि कालचे पाणी मोरीत ओतीत. का, तर ते शिळे! आपल्याकडील किती घरांत हा परिपाठ आहे हे मी सांगावयास नको. भावोजी एके दिवशी हसत म्हणाले, “आई, हे पाणी कावेरीतून निघून शंभर किलोमीटर शिळे होतच येते.” सासूबाईंनी उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते पाणी कणिक मळण्यास आणि डाळ शिजविण्यास जाऊ लागले. झाकलेले, स्वच्छ भांड्यातील पाणी रात्रीत वाईट होत नाही. साठवणीच्या पिंपाला मात्र झाकण घट्ट हवे, आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून आतून घासावयास हवे. कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो, आणि ती भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

आणखी एक गळती घराघरांत आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाणी शुद्ध करण्याचे आर. ओ. यंत्र एक लिटर पाणी देते तेव्हा साध्या यंत्रांत त्याच्या दुपटी-तिपटीने पाणी नळीवाटे मोरीत सोडते. ताईने ती नळी बादलीत सोडली. या पाण्यात क्षार अधिक असतात, म्हणून ते कुंड्यांना घालू नये. फरशी पुसण्यास आणि संडासात ओतण्यास ते उत्तम. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी असेल तेथे असे यंत्र वापरूच नये, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये दिला होता. विंधन विहिरीच्या जड पाण्याला यंत्र लागेल. नदीचे पाणी येत असेल तर ते विकत घेण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी. कित्येक हजारांचा खर्च वाचण्याचा संभव आहे. ताईने पाण्यासाठी विकत घेतले ते एवढेच: नळाच्या तोंडाला बसवावयाच्या एरेटर नावाच्या दोन जाळ्या. त्या पाण्यात हवा मिसळतात, त्यामुळे धार कमी होऊनही हाताला ती कमी वाटत नाही.

पावसाबाबत भाडेकरू काय करणार, असे मला वाटले होते. बंगळुरात वर्षाला सरासरी ९७० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १०० चौरस मीटरांच्या गच्चीवर, वाया जाणारे वजा करूनही, वर्षाला ७५ हजार लिटरांच्या घरात पाणी उतरते. मोठ्या भूखंडांवरील घरांना २००९ पासून येथे पर्जन्यसंचय सक्तीचा आहे, आणि तो कसा करावा हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी शेजारच्या जयनगरात सर एम. विश्वेश्वरय्या यांच्या नावाचे एक उद्यानच उभारलेले आहे. (विश्वेश्वरय्या पुण्यास शिकले आणि खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसविले, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच.) ताईच्या इमारतीलाही गच्चीवरून खड्ड्यापर्यंत नळ होता, केवळ त्यातील गाळणी पानांनी आणि मातीने इतकी गच्च झाली होती की पाणी तिच्यावरून गटारात जात असे. भावोजींनी आणि तळमजल्यावरील दोघा तरुणांनी एका रविवारी ती उपसली. खर्च शून्य. घरमालकाला ही गोष्ट नंतर कळली आणि आवडली.

जे. पी. नगराच्या सातव्या टप्प्यातील पुट्टेनहळ्ळीच्या तलावाची गोष्ट याच जातीची आहे. मरणपंथाला लागलेल्या त्या सुमारे १३ एकरांच्या तलावासाठी आसपासच्या रहिवाशांनी २०१० साली न्यास स्थापन केला आणि महानगरपालिकेच्या सहकार्याने तो पुन्हा जिवंत केला. तेथे आता पाणपक्षी दिसतात. तलाव हे एका घराचे काम नव्हे हे खरे, पण आरंभ शेजाऱ्यांनीच केला.

आता कचऱ्याकडे वळते. कारण पाण्याची काटकसर टंचाईने शिकविली, पण या गोष्टीला टंचाईचा धाक नव्हता, आणि म्हणूनच ती अधिक अवघड गेली.

ताईकडे सकाळी कचऱ्याची गाडी येते, तेव्हा दोन शब्द कानी पडतात: “हसी कस, ओण कस”. हसी म्हणजे ओला, ओण म्हणजे सुका. कस म्हणजे केर. अनुवादाच्या धंद्यात असल्यामुळे असेल, हा शब्द ऐकून मी थबकले. कन्नडात जो केर, तोच शब्द मराठीत जमिनीचे सत्त्व! आपण ‘कसदार जमीन’ म्हणतो, ‘रानाचा कस गेला’ म्हणतो. कन्नड भाषकांनी यावर आपल्या परीने आधीच मात केली आहे. टाकाऊतून काही चांगले निर्माण केले की ते ‘कसदिंद रस’ म्हणतात. या दोन शब्दांची व्युत्पत्ती एक आहे की नाही, हे भाषाशास्त्रज्ञांवर सोपवू; व्यवहारात मात्र एका ‘कसा’चा दुसरा ‘कस’ होण्यास ३ माठ आणि अडीच महिने लागतात.

हा केर मिसळून दिला तर जातो कोठे? बंगळूरच्या ईशान्येस मंडूर नावाचे गाव आहे. शहराचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे तेथे ओतला गेला. दुर्गंधी, माश्या आणि विहिरींचे नासलेले पाणी सोसून गावकरी थकले आणि २०१४ मध्ये त्यांनी गाड्या अडविल्या. त्या वर्षाच्या अखेरीस तेथे कचरा टाकणे थांबविण्यात आले. त्याआधी २०१२ मध्ये मावळ्ळीपुरा येथे हेच घडले होते. घरातील केरात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. हा ओला केर प्लॅस्टिकसह ढिगात दडपला की हवेअभावी कुजून त्यातून मिथेन वायू निघतो. तो वातावरण तापविण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीसपटींहून अधिक जोरकस आहे. उलट तोच ओला केर निराळा ठेवला तर त्याला खत होण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१५ रोजी दोन डबे आणि एक पिशवी अशी पद्धत या शहरास लावून दिली: हिरवा डबा ओल्यासाठी, लाल डबा स्वच्छतेच्या वापरलेल्या वस्तू व घातक केरासाठी, आणि पिशवी सुक्यासाठी. ताईचे घर ती पाळीत होतेच. हिरवा डबा घरीच जिरवावा, असे तिच्या मनाने घेतले आणि फजितीला प्रारंभ झाला.

तिने एक माठ आणला, तळाला भोके पाडली, आणि रोजच्या साली, देठ, चहाचा चोथा त्यात टाकू लागली. आठव्या दिवशी वास सुटला. दहाव्या दिवशी अळ्या झाल्या. बाराव्या दिवशी तळातून काळे पाणी ठिबकले ते थेट दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर. खालच्या आजी वर आल्या. त्यांना मराठी येत नव्हते आणि ताईचे कन्नड तेव्हा भाजी आणण्यापुरतेच होते. पण रागाला भाषा लागत नाही. ताईने माठ झाकून कोपऱ्यात सारला आणि दोन दिवस जिन्यात त्यांच्यासमोर जाण्याचे टाळले. परगावी भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला शेजाऱ्याचा राग परवडत नाही. खताच्या पायी घर सोडावे लागते की काय, असेही तिला वाटून गेले.

तिसऱ्या दिवशी आजीच पोते घेऊन वर आल्या. तीत रस्त्यावरच्या करंजाची वाळकी पाने होती. त्या शेतकऱ्याच्या घरच्या होत्या. माठाचे झाकण काढून त्यांनी आत पाहिले, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, “एले हाकि, अम्मा, एले!” पाने टाक, बाई, पाने.

ताईच्या चुकीचे सारे मर्म त्या तीन शब्दांत होते. साली आणि भाजीपाला यांत नत्र आणि पाणी फार. वाळक्या पानांत कर्ब फार आणि पाणी नाही. कुजविणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब लागतो, आणि श्वासाला हवा लागते. नुसत्या साली एकमेकींवर बसून चिखल होतो, हवा कोंडते आणि वास सुटतो. म्हणून एक ओंजळ केर टाकला की तेवढीच एक ओंजळ चुरलेली पाने टाकावी. वरचा थर नेहमी पानांचाच असावा. पाने नसतील तर लाकडाचा भुसा, नारळाच्या काथ्याचा चुरा, फाडलेला पुठ्ठा, वर्तमानपत्राचे कपटेही चालतात. आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली करावे. ओल बरोबर आहे की नाही हे ओळखावयाचे तर मूठभर घेऊन दाबावे: बोटे ओलसर व्हावीत, थेंब गळू नये. थेंब गळला तर पाने वाढवावी. कोरडे वाटले तर पाण्याचा हबका मारावा. आरंभी वाटीभर आंबट ताक किंवा मूठभर जुने खत घातले की काम लवकर सुरू होते. अळ्या दिसल्या तर भिऊ नये. त्या बहुधा निरुपद्रवी असतात आणि पाने वाढविताच कमी होतात. तेलकट उरलेले अन्न, मटणमासळी आणि हाडे गॅलरीतील माठात घालू नयेत. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय कुजण्यास फार काळ घेतात. माठाखाली थाळी ठेवावी, हे धोतराच्या प्रसंगानंतर सांगणे नको.

एक माठ भरला की तो झाकून ठेवावयाचा आणि दुसरा घ्यावयाचा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातील खत तयार होते. याच शहरात पूनम बीर कस्तुरी यांनी २००६ पासून घरगुती खतासाठी मातीच्या एकावर एक ठेवावयाच्या भांड्यांचा प्रसार केला, आणि इतरांनाही ती करता यावीत म्हणून त्यांची रचना खुली ठेवली. ती सुबक असतात. परंतु ज्याचा बजेटचा हात आखडता आहे त्याने जुने माठ वापरावे. दोन-तीन उन्हाळे वापरलेल्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजतात आणि पाणी गार होईनासे होते. असा माठ आपण फेकून देतो. खताला तो पुरतो.

ताईने आठवडाभर वजन करून पाहिले: ५ माणसांचा ओला केर दिवसाला किलोच्या आगेमागे भरला. त्याचे खत झाल्यावर तो इतका आक्रसतो की प्रथम फसवणूक झाल्यासारखे वाटते. गॅलरीतील कढीपत्त्याला आणि पुदिन्याला जेवढे लागते तेवढे घेऊन उरलेले खालच्या आजींच्या जास्वंदीला जाते.

आपले अंगण असलेल्या वाचकांसाठी येथेच सांगून ठेवते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्या अन्नावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी पिष्टमय अन्न वापरण्याची ती कल्पना आहे. गॅलरीत ते मावत नाही, परंतु परसदार असेल तर विचार करण्याजोगे आहे.

सुक्या केरातले मुख्य काम म्हणजे तो सुका राखणे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो पिशवीलाच लटकत ठेवावा. कारण ते इवलेसे तुकडे वेचले जात नाहीत आणि गटारात जातात. पिशवी चमचाभर पाण्याने विसळून ते पाणी कणकेत घालावे आणि पिशवी उलटी टांगावी. महिन्याची पिशव्यांची आणि रद्दीची जुडी गुजरीवाल्याकडे जाते. येथे भंगारवाल्याच्या दुकानाला गुजरी म्हणतात. मिळणारे पैसे थोडे असतात, पण ते मुलांचे असल्यामुळे पिशव्या धुण्याविषयी घरात वाद होत नाही.

वीज आणि इंधन यांबद्दल नवे काही नाही: ६० वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी ९ वॅटचा एलईडी, रात्री भिजविलेली कडधान्ये, पातेल्यावर झाकण. घरी द्रवरूप सफाईद्रव्य करण्याचा, गूळ, लिंबा-संत्र्यांच्या साली आणि पाणी १:३:१० या प्रमाणात ३ महिने आंबविण्याचा, प्रयोगही ताईने केला. फरशी बरी निघते. त्याविषयी जे अद्भुत दावे ऐकू येतात त्यांवर माझा विश्वास नाही, आणि सध्याच्या भावात तो गूळ मुलांना लाडवांतून देणे मला अधिक पसंत आहे.

एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे. अशा लेखांत ‘गृहिणींनो’ असे संबोधून सारी कामे सांगण्याची रीत जुनी आहे. पातेली निराळी ठेवा, पिशव्या धुवा, पाने चुरा: पैसा वाचतो खरा, पण तो कोणाच्या तरी वेळातून वाचतो, आणि तो वेळ बहुधा एकाच व्यक्तीचा असतो. ताई शाळेत नोकरी करते. पहिला माठ फसला त्याचे एक कारण हेही होते की त्याकडे पाहण्यास तिला सवड नव्हती. आता माठ भावोजींकडे आहेत, पिशव्या मुलांकडे, पातेली सासूबाईंकडे. भावोजींना प्रथम त्यात कमीपणा वाटला. हल्ली पाहुण्यांना ते चहाच्या आधी माठ दाखवितात, आणि ताईला त्यांना आवरावे लागते.

ज्या वाचकांस आरंभ करावयाचा असेल त्यांनी माठांच्या आधी पाने जमवावी. करंज, शिरीष, पिंपळ यांची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, आणि झाडलोट करणाऱ्यांना सांगून ठेवले तर ती पोत्यात भरून देतात. एरवी पुष्कळदा ती जाळली जातात आणि त्याचा धूर साऱ्या गल्लीला होतो. पावसाळ्यात कोरडी पाने मिळत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच ती सर्वांत अधिक लागतात. ५ माणसांच्या घराला पावसाळ्यासाठी ४ पोती पुरतात. ताईची तीन पोती गॅलरीत मावली. चौथे खालच्या आजींनी आपल्या दाराशी ठेवून घेतले आहे.